समूहगान आणि बहिष्कृत : 'घाशीराम कोतवाल'च्या नव्या प्रयोगांचा विचार

प्रस्तावना

समाजाने बाहेर घातलेल्या माणसाची कथा आधुनिक रंगभूमीला नेहमीच आकर्षक वाटत आलेली आहे. अशा कथांपैकी बहुतेकींमध्ये प्रेक्षकाची जागा सुरक्षित असते. तो बहिष्कृतासाठी हळहळतो, समाजाला दोष देतो आणि आपण त्या समाजात नव्हतो या समाधानाने घरी परततो. हे समाधान प्रेक्षकाला मिळू न देणाऱ्या कृती फार थोड्या. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' ही मराठीतील अशी एक कृती आहे. इंग्रजी संगीतिकेच्या क्षेत्रात हेच स्थान बेंजामिन ब्रिटन यांच्या 'पीटर ग्राइम्स'ला आहे.

'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने सादर केला. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. त्यानंतर कलावंतांनी थिएटर अकॅडमीची स्थापना केली व 1974 मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. 1980 सालच्या युरोप दौऱ्याच्या वेळीही नाटकाला विरोध झाला. नाना फडणविसांचे चित्रण आणि पेशवाईतील ब्राह्मण समाजाचे चित्रण हे या वादाचे मुख्य विषय होते. वादाच्या या धुराळ्यात नाटकाच्या मध्यवर्ती रचनेकडे, म्हणजे गाणाऱ्या समूहाकडे, समीक्षेचे लक्ष तुलनेने कमी गेले. प्रस्तुत लेखात या समूहाचा विचार केला असून त्यासाठी 'पीटर ग्राइम्स' आणि तिच्या अलीकडील एका प्रयोगाचा तौलनिक आधार घेतला आहे. 'घाशीराम'चा नवा प्रयोग करू पाहणाऱ्याने, विशेषतः वऱ्हाडातील हौशी व महाविद्यालयीन रंगकर्मीने, कोणत्या प्रश्नांना सामोरे गेले पाहिजे, याचाही विचार येथे अभिप्रेत आहे.

1. बाहेरचा माणूस आणि गाव

'पीटर ग्राइम्स' 7 जून 1945 रोजी लंडनच्या सॅडलर्स वेल्स रंगमंदिरात प्रथम सादर झाली. जॉर्ज क्रॅब यांच्या 'द बरो' या 1810 सालच्या काव्यातील एका प्रकरणावर माँटेग्यू स्लेटर यांनी तिची संहिता बेतली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एका मासेमारी गावात ही कथा घडते. ग्राइम्स हा एकलकोंडा, तापट कोळी. त्याचा शिकाऊ मुलगा समुद्रावर मरण पावतो. चौकशीत मृत्यू अपघाती ठरतो, परंतु गावाच्या मनातील संशय जात नाही. शिक्षिका एलन ऑरफर्ड हिच्या मदतीने तो दुसरा मुलगा आणतो. त्या मुलाच्या अंगावर एलनला मार लागल्याची खूण दिसते आणि गाव ग्राइम्सच्या झोपडीवर चालून जाते. त्या गडबडीत मुलगा कड्यावरून पडून मरतो. शेवटी भ्रमिष्ट झालेला ग्राइम्स आपली नाव समुद्रात नेऊन बुडवितो.

क्रॅब यांचा ग्राइम्स सरळसरळ क्रूर आहे. ब्रिटन व स्लेटर यांनी त्याला दोषी आणि पीडित यांच्या सीमेवर उभे केले. ब्रिटन आणि या भूमिकेचे पहिले गायक पीटर पिअर्स हे दोघे युद्धविरोधी होते. त्यांचे सहजीवनही तत्कालीन इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने गुन्हा होते. तो कायदा 1967 पर्यंत शिथिल झाला नव्हता. गावाच्या नजरेखाली जगणे म्हणजे काय, याचा अनुभव या संगीतामागे आहे, असे म्हणण्यास त्यामुळे जागा आहे.

घाशीराम सावळदास हा कनोजी ब्राह्मण, पुण्याला परका. नशीब काढण्यासाठी तो शहरात येतो. गुलाबी नर्तकीच्या कोठीवर चाकरी करतो. तेथून हाकलला जातो. दक्षिणेच्या गर्दीत त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार बसतो, कोठडी मिळते आणि अखेर शहराबाहेर घालविले जाते. येथपर्यंत तो ग्राइम्सचा सख्खा भाऊ शोभतो. फरक यापुढे पडतो. ग्राइम्स अखेरपर्यंत दुबळाच राहतो. घाशीराम मात्र आपली मुलगी गौरी नानाच्या स्वाधीन करून त्या मोबदल्यात कोतवाली मिळवितो. ज्या शहराने त्याला बाहेर घातले त्याच शहराचा तो दंडधर होतो. परवाने, झडत्या, दिव्य, फटके अशा सर्व उपायांनी तो पुण्याचा सूड घेतो.

त्यामुळे तेंडुलकरांनी प्रेक्षकापुढे ठेवलेला पेच ब्रिटन यांच्यापेक्षा अधिक अवघड आहे. ग्राइम्सविषयी शंका घेता येते आणि शंकेचा फायदाही देता येतो. घाशीरामाच्या क्रौर्याविषयी शंका उरत नाही. तरीसुद्धा अखेरीस जमाव त्याच्यावर तुटून पडतो तेव्हा न्याय झाला असे वाटत नाही. हे का वाटत नाही, याचे उत्तर कथानकात सापडत नाही. ते समूहाच्या मांडणीत शोधावे लागते.

2. समूहगानाची योजना

मराठी रंगभूमीवर गाणे प्रारंभापासून आहे. विष्णुदास भावे यांच्या 1843 च्या 'सीतास्वयंवरा'त सूत्रधार पदे म्हणत असे व पात्रे त्यानुसार सोंग वठवीत. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'ने पद पात्राच्या मुखी दिले. तेव्हापासून बालगंधर्वांच्या काळापर्यंत आणि पुढेही संगीत नाटकातील गाणे हे प्रामुख्याने एकट्याचे गाणे राहिले. नायक-नायिकेचे मन त्यातून उलगडत असे. नांदी वगळता समूहाने गाण्याचे प्रसंग थोडेच आणि तेही नाट्यार्थाच्या दृष्टीने दुय्यम.

'घाशीराम'ने हा क्रम उलटा केला. येथे गाणे समूहाचे आहे. कोकणातील खेळे, दशावतार, तमाशा आणि कीर्तन या परंपरांतून घेतलेली एक मानवी भिंत रंगमंचावर उभी राहते. हे ब्राह्मण डोलतात, गणेशवंदना करतात, अभंग म्हणतात, टाळ्या वाजवितात. तीच भिंत क्षणात बावनखणीची वाट होते, देऊळ होते, कोठडी होते, जमाव होते. भिंतीने प्रेक्षकांकडे पाठ फिरविली की पलीकडे काही तरी झाकले जाते. ती पुन्हा सामोरी झाली की झाकलेले सर्वांना ठाऊक झालेले असते. पाठ फिरविणे ही साधी रंगयुक्ती नव्हे, त्या समाजाची ती वृत्तीच आहे.

चंदावरकरांच्या संगीताचे मर्म येथे आहे. त्यांनी हिंसेसाठी वेगळे, कर्कश संगीत योजले नाही. नामस्मरणाची धून अत्याचाराच्या प्रसंगीही चालू राहते. कीर्तनाच्या रंगातून लावणी निघते आणि लावणीतून पुन्हा भजन. भक्ती आणि वासना, पुण्य आणि भोग यांच्यामध्ये संगीताची सीमारेषा नसल्यामुळे प्रेक्षक ठेका धरतो आणि ठेका धरता धरता त्या भिंतीचा एक भाग होतो. नाटकाला मिळालेल्या लोकप्रियतेचे हे एक कारण आहे, आणि त्याच्या नैतिक परिणामाचेही.

ब्रिटन यांचा मार्ग वेगळा असला तरी दिशा तीच आहे. 'पीटर ग्राइम्स'मध्ये गावकऱ्यांचा गायकवृंद हे सर्वांत मोठे पात्र आहे. दुसऱ्या अंकात चर्चमधील प्रार्थना आतून ऐकू येत असते आणि त्याच वेळी बाहेर एलन मुलाच्या अंगावरील खूण पाहते. प्रार्थनेचे स्वर आणि उघडकीस येणारी हिंसा एकमेकांत मिसळतात. प्रार्थना आटोपून बाहेर पडलेले लोकच मग ढोलाच्या मागोमाग ग्राइम्सच्या झोपडीकडे निघतात. तिसऱ्या अंकात हाच वृंद त्याच्या नावाचा पुकारा करीत रात्रीच्या अंधारात त्याला शोधतो. प्रार्थनेसाठी जमलेला आणि शिकारीसाठी निघालेला समूह एकच असतो, हे दोन्ही कृतींतील समान सूत्र आहे.

दोन्ही कृतींचे शेवटही तुलना करण्याजोगे आहेत. ग्राइम्सची नाव बुडाल्यानंतर पहाट होते. दूर एक नाव बुडत असल्याची वार्ता येते, ती अफवा म्हणून सोडून दिली जाते आणि गाव आपल्या नित्याच्या कामाला लागते. घाशीरामाच्या वधानंतर नाना पुण्यावरील संकट टळल्याचे जाहीर करतो आणि उत्सवाची आज्ञा देतो. एका ठिकाणी विसर पडतो, दुसऱ्या ठिकाणी जल्लोष होतो. विसर पडलेल्या गावाला निदान अपराधाची लाज असू शकेल. जल्लोष करणाऱ्या शहराला ती शक्यताही नाही. शिवाय ज्याने कोतवाल घडविला तो नाना सुखरूप राहतो. जमावाचा राग त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण तो राग कोणाकडे वळवायचा हे तोच ठरवितो. बहिष्कृताला आधी हत्यार म्हणून वापरावे आणि निरुपयोगी झाल्यावर जमावापुढे टाकावे, ही सत्तेची रीत तेंडुलकरांनी जितक्या स्पष्टपणे दाखविली तितकी ब्रिटन यांनी दाखविलेली नाही.

3. मुके बळी

बहिष्कृत आणि समूह यांच्या संघर्षात तिसऱ्या एका घटकाकडे दुर्लक्ष होते. ग्राइम्सच्या शिकाऊ मुलाला संगीतिकेत गाण्याची एकही ओळ नाही. जवळजवळ सर्व पात्रे गातात, तो मुका वावरतो. कड्यावरून पडताना त्याची केवळ किंकाळी ऐकू येते. ज्याच्यावरून सारा वाद पेटला त्याचा आवाज कोणालाच ऐकायचा नव्हता, हे या योजनेतून कळते.

'घाशीराम'मधील गौरी अशीच आहे. ती बापाच्या सूडाचे मोल आहे, नानाच्या वासनेचे लक्ष्य आहे आणि तिचा अंत रंगमंचाच्या आडच होतो. घाशीरामाचे दुःख प्रेक्षकापर्यंत पोहोचते. गौरीचे पोहोचत नाही. प्रयोगाच्या झगमगाटात ती हरवून जाते. स्त्रीवादी दृष्टीने या नाटकावर घेता येण्याजोगा हा रास्त आक्षेप आहे. नाटककाराने व्यवस्थेचे क्रौर्य दाखविण्यासाठी तिला मुकी ठेवली, की त्याच व्यवस्थेची सवय संहितेतही उतरली, याचा निर्णय केवळ संहिता वाचून करता येत नाही. तो प्रयोगावर अवलंबून राहतो.

ब्रिटन यांनी या बाबतीत एक वाट मोकळी ठेवली आहे. गावातील पुरुष ढोल वाजवीत झोपडीवर चालून गेल्यावर एलन, खाणावळवाली आणि तिच्या दोन भाच्या अशा चार स्त्रिया मागे राहतात आणि एकत्र गातात. समूहातून बाजूला सरून समूहाकडे पाहणारा हा एकमेव गट आहे. 'घाशीराम'मध्ये असा आवाज नाही. पुण्यातील स्त्रिया नाटकात येतात त्या पुरुषांच्या व्यभिचाराचे उट्टे म्हणून, आणि गुलाबी येते ती बाजाराची मालकीण म्हणून. भिंतीबाहेर उभे राहून भिंत पाहणारे कोणी नसणे, ही या नाटकाची भेदकता आहे आणि मर्यादाही आहे.

डेबोरा वॉर्नर यांनी दिग्दर्शित केलेला 'पीटर ग्राइम्स'चा प्रयोग 2021 मध्ये माद्रिदला आणि 2022 मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये सादर झाला. त्यात कथा आजच्या काळातील एका गरीब, उपेक्षित किनारी गावात आणली होती. ॲलन क्लेटन यांनी ग्राइम्स साकारला. आरंभीच बुडालेल्या मुलाचे शरीर हवेत तरंगताना दिसे. मुलाला शब्द देणे संहितेत नव्हते. परंतु त्याचे शरीर प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर ठेवणे दिग्दर्शिकेच्या हाती होते, आणि तिने ते केले. संहितेचे एक अक्षर न बदलता मुक्या बळीला प्रयोगाच्या केंद्रस्थानी आणता येते, हा धडा 'घाशीराम'च्या दिग्दर्शकालाही घेता येईल. गौरीच्या मृत्यूनंतर तिच्या रिकाम्या जागेचे भान भिंतीला, म्हणजेच प्रेक्षकाला, सतत राहील अशी योजना करणे अशक्य नाही.

4. 'बहिष्कृत' या शब्दाची मर्यादा

घाशीरामासाठी 'बहिष्कृत' हा शब्द वापरताना मराठी समीक्षकाने थांबून विचार केला पाहिजे. या शब्दाला महाराष्ट्रात एक विशिष्ट इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. तेथे बहिष्कृत म्हणजे एखादा दुर्दैवी माणूस नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून, देवळापासून आणि ज्ञानापासून दूर ठेवलेला समाज.

घाशीराम ब्राह्मण आहे. त्याला बाहेर घालणारेही ब्राह्मण आहेत. नाटकाच्या पुण्यात गावकुसाबाहेरचा माणूस जवळजवळ दिसतच नाही. इंग्रज सुद्धा रंगमंचावर येऊन जातो, पण महारवाडा येत नाही. म्हणून हे नाटक जातिव्यवस्थेची संपूर्ण चिकित्सा करते असे म्हणणे अतिव्याप्तीचे होईल. उच्च मानल्या गेलेल्या जातीच्या आतही उतरंड असते आणि परका, गरीब, उपयोग संपलेला माणूस तिच्यातून केव्हाही बाहेर फेकला जातो, एवढेच ते दाखविते. प्रेमानंद गज्वी यांच्या 'किरवंत'नेही अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणाच्या निमित्ताने जातीच्या पोटातील बहिष्कार पुढे आणला. परंतु गज्वींच्या नाटकाचा रोख बहिष्कारामागील धर्मविचारावर आहे. तेंडुलकरांचा रोख सत्तेवर आहे. हा भेद अध्यापनात स्पष्ट केला नाही तर विद्यार्थ्याच्या मनात दोन वेगळ्या अन्यायांची सरमिसळ होते. 'घाशीराम'च्या इंग्रजी अनुवादात जयंत कर्वे यांच्यासमवेत एलिनॉर झेलिएट यांचा सहभाग होता. आंबेडकरी चळवळीच्या या अभ्यासिकेला हे नाटक महत्त्वाचे वाटले, ही बाब येथे लक्षणीय आहे. मर्यादा असूनही समूह माणसाला कसा बाहेर ढकलतो याचे जे ज्ञान हे नाटक देते, ते सर्वच बहिष्कृतांच्या उपयोगी पडणारे आहे.

5. नव्या प्रयोगापुढील प्रश्न

'घाशीराम' मराठीबाहेरही गेले. वसंत देव यांच्या हिंदी अनुवादातून ते उत्तरेतील रंगभूमीवर पोहोचले. 1976 मध्ये त्यावर चित्रपट निघाला व त्यात ओम पुरी यांनी घाशीराम केला. 2025 मध्ये संजय मिश्रा यांनी नानाची भूमिका केलेला हिंदी प्रयोग रंगमंचावर आला. प्रत्येक नव्या प्रयोगात नानाची भूमिका कोण करणार, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. मोहन आगाशे यांनी ही भूमिका ज्या उंचीवर नेली ती पाहता हे स्वाभाविक आहे. तथापि तोलाचा नट मिळाला म्हणजे प्रयोग उभा राहिला, ही समजूत या नाटकाच्या बाबतीत घातक आहे. नाना एकटाच डोळ्यांत भरला तर सारा दोष त्याच्या माथी जातो आणि भिंत निर्दोष सुटते. प्रयोगाची कसोटी नानावर नाही, भिंतीवर आहे.

दुसरा प्रश्न काळाचा. नाटकाचा आधार असलेला ऐतिहासिक प्रसंग 1791 सालचा. कोतवालीतील कोठडीत तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि संतप्त लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. आजच्या प्रेक्षकाला ही पेशवाईतील एक कथा वाटण्याचा धोका आहे. वस्तुतः ती तशी राहिलेली नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच जमावाला बळी पडले. दोन्ही ठिकाणी मारले गेलेले लोक परके होते आणि दोन्ही ठिकाणी अफवा पुढे व जमाव मागे होता. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला. तो 2017 पासून अमलात आहे. ज्या राज्याला असा कायदा करावा लागला तेथे घाशीरामाची कथा जुनी होत नाही. मात्र पात्रांच्या हाती भ्रमणध्वनी देऊन किंवा वेशभूषा बदलून हे साधणार नाही. भिंतीतील प्रत्येक माणूस प्रेक्षकाच्या ओळखीचा वाटला पाहिजे.

येथे वऱ्हाडाचा विचार प्रस्तुत ठरतो. तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी सुसज्ज नाट्यगृहाची उणीव जाणवते. परंतु या नाटकाला नेपथ्य लागत नाही. गाणारी, डोलणारी, ताल सांभाळणारी बारा-पंधरा माणसे लागतात. ती या भागात आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाने आणि गुरुदेव सेवामंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेने येथील गावांना एकत्र गाण्याची सवय लावली. भजनी मंडळ ही येथील जिवंत संस्था आहे. अमरावती विद्यापीठाच्या युवक महोत्सवात उतरणाऱ्या मुलांच्या कानांवर हे सूर लहानपणापासून असतात. पुण्याच्या प्रयोगाची नक्कल करण्याऐवजी या सुरांतून भिंत उभी केली तर प्रयोग येथील होईल.

यात एक जोखीम आहे आणि तीच या प्रयोगाची खरी कसोटी आहे. वऱ्हाडात समूहगानाचा अर्थ मंगल आहे. त्याच गानातून जमाव निघताना दाखविणे काहींना दुखावणारे वाटेल. त्याचे उत्तरही वऱ्हाडाच्याच परंपरेत सापडते. गाडगे महाराज कीर्तनात लोकांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत. देव, नवस, पशुबळी, शिवाशीव, कर्ज यांविषयीचे ते साधे प्रश्न असत आणि समोरचा समुदाय उत्तरे देत असे. म्हणजे एकाच कीर्तनपरंपरेत समूहाची दोन रूपे संभवतात. एक समूह सांगितलेले पुन्हा पुन्हा घोकतो; दुसरा विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो. 'घाशीराम'मधील भिंत पहिल्या प्रकारची आहे. तिला कोणी प्रश्न विचारीत नाही आणि सूत्रधारही शेवटी तिच्याच सुरात सूर मिसळतो. दुसऱ्या प्रकारचा समूह ज्यांनी पाहिला आहे अशा प्रेक्षकापुढे पहिल्या प्रकारचा समूह उभा करणे, ही वऱ्हाडातील प्रयोगाची खास शक्यता होय. ज्याला गाडगेबाबांचे कीर्तन माहीत आहे त्याला त्या भिंतीतील मौन अधिक बोचेल.

समारोप

'घाशीराम कोतवाल' आणि 'पीटर ग्राइम्स' या दोन कृतींत देश, भाषा आणि संगीतपरंपरा यांचे मोठे अंतर आहे. तरीही दोहोंनी एकच गोष्ट रंगमंचावर सिद्ध केली. माणसाला बहिष्कृत करणारा समूह दुष्टांचा नसतो. तो प्रार्थना करणाऱ्या, सण साजरे करणाऱ्या, एका सुरात गाणाऱ्या माणसांचा असतो. ब्रिटन यांनी बहिष्कृताचे अंतरंग अधिक खोलवर जाणले. तेंडुलकरांनी बहिष्कारामागील सत्तेचा व्यवहार अधिक निर्भयपणे उघडा केला. गौरीचे मौन आणि गावकुसाबाहेरच्या समाजाची अनुपस्थिती या 'घाशीराम'च्या उणिवा आहेत. त्या झाकून नाटकाचा गौरव करणे योग्य नाही आणि त्यांच्यासाठी नाटक बाजूला सारणेही योग्य नाही. पहिली उणीव प्रयोगातून काही अंशी भरून काढता येते, दुसरीची जाणीव अध्यापनातून द्यावी लागते.

नव्या प्रयोगाचे यश नानाच्या टाळ्यांवर मोजू नये. घाशीरामावर पहिला दगड पडतो त्या क्षणी सभागृहातील ठेका धरलेला हात थांबतो की नाही, यावरून ते मोजावे. तो हात थांबला तर नाटक पोहोचले. तो तसाच चालू राहिला तर भिंत रंगमंचावरून उतरून प्रेक्षागृहात येऊन बसली आहे, असे समजावे.